गोष्टीतले रान आणि आपले शिवार

घरातल्या दुसरी-तिसरीतल्या पोराला जवळ बोलवा आणि म्हणा, "बाळा, रानाची एक गोष्ट सांग बघू." पोर लगेच सुरू करील. एक मोठे अरण्य होते, त्यात सिंह राहत होता, तो सगळ्या जनावरांचा राजा होता. मग ससा येईल, विहीर येईल. दुसरी सांग म्हटले तर नदीकाठचे जांभळाचे झाड येईल, माकड येईल, मगर येईल. गोष्ट संपली की हळूच विचारा, "हे रान कुठे आहे रे?" पोर गप्प बसेल. त्याचे काही चुकलेले नाही. ते रान कुठेच नाही. सिंह आज आपल्या देशात फक्त गुजरातेत, गीरच्या बाजूला उरला आहे. आपल्या सह्याद्रीत तो नाही.

आता हे पोर जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातले आहे असे समजा. त्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा उभा कडा. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. भाताची खाचरे, वर डोंगरउतारावर नाचणी-वरई, त्याच्याही वर हिरड्याची झाडे. पूर्वेला आणे पठारावर गेले की पाण्यासाठी आभाळाकडे डोळे. मधल्या पट्ट्यात कुकडी, मीना, घोड या नद्या, धरणे, कालवे, नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बटाटा आणि नजर पोचेल तिथवर ऊस. दोन तालुक्यांत इतक्या तऱ्हेची जमीन क्वचितच कुठे असेल. पण यातले काय पोराच्या पुस्तकात आले? चौथीच्या इतिहासात शिवनेरी आला. तेवढाच! बाकी सगळे डोंगर, ओढे, माळ गोष्टीबाहेरच राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

हल्लीच्या मुलांच्या पुस्तकांत खेडेगाव येतच नाही असे नाही. येते, पण मे महिन्याच्या सुट्टीत येते. शहरातला मुलगा मामाच्या गावाला येतो, आंबे खातो, विहिरीत डुंबतो, बैलगाडीत बसतो आणि जूनला परत जातो. गावातला पोरगा त्या गोष्टीत झाडावर चढून कैऱ्या काढून देण्यापुरता असतो. आपल्या मुलांना मात्र हे गाव मामाचे नाही, बापाचे आहे. इथे सुट्टी नसते. इथे शेळ्या राखायच्या असतात, कांदे काटायचे असतात, रात्री वीज आली की बापाबरोबर पाणी धरायला जायचे असते. ओढ्याला पूर आला की शाळा बुडते. हे सगळे ज्या गोष्टीत नाही ती गोष्ट मूल ऐकते, त्याला मजाही वाटते, पण आपण राहतो ती जागा गोष्टीत बसण्याजोगी नाही असे त्याच्या मनाशी नकळत ठरून जाते. मला खटकते ते हे.

आपल्या जुन्या आज्या या बाबतीत जास्त शहाण्या होत्या. भोपळ्यात बसून गेलेल्या म्हातारीची गोष्ट आठवा. म्हातारी एका गावात, लेक दुसऱ्या गावात, मधे रान. एवढीच जागा, पण गोष्ट त्या जागेमुळेच घडते. मधे रान नसते तर वाघ-कोल्हा भेटला नसता, आणि भोपळ्याची युक्ती लागलीच नसती. ज्या बाईची लेक डोंगरापलीकडे दिली आहे तिला ही वाट सांगावी लागत नाही. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतही तेच. घर शेणाचे की मेणाचे याला अर्थ येतो तो पावसामुळे. पाऊस हे त्या गोष्टीतले तिसरे पात्र आहे म्हणा ना! चांगल्या गोष्टीत जागा मागे टांगलेल्या पडद्यासारखी नसते. ती वाट अडवते, पाणी देते, घर पाडते, आसरा देते.

लिहिणाऱ्यांतही ज्यांनी आपली माती सोडली नाही तेच टिकले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तुरुंगाच्या चार भिंतींत बसून त्यांनी दापोली तालुक्यातले पालगड उभे केले. श्याम पोहायला भितो आणि आई त्याला फोकाने मारून विहिरीवर धाडते, हा प्रसंग कोणाला ठाऊक नाही? कोकणातल्या भरलेल्या विहिरीशिवाय तो प्रसंग होऊच शकला नसता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. अख्ख्या महाराष्ट्राच्या मुलांना त्याने वेड लावले. तो पोरगा फुरसुंगीचा, पुण्याजवळच्या एका खऱ्या गावचा. भागवतांनी त्याला खुशाल पुण्यातल्या एखाद्या पेठेत जन्माला घातले असते तर कोणी विचारले नसते. पण गावाकडून शाळेला आलेल्या त्या सडपातळ पोराची नजर वेगळी, धीट, म्हणून तर तो लक्षात राहिला.

परदेशातही हेच दिसते. स्वित्झर्लंडमध्ये योहाना स्पीरी नावाच्या बाईने १८८० च्या सुमारास 'हायडी' लिहिली. एक पोरकी मुलगी, डोंगरावर एकटा राहणारा तिचा आजोबा आणि शेळ्या राखणारा एक पोरगा. बस्स! सकाळी शेळ्या वर न्यायच्या, संध्याकाळी खाली आणायच्या. तिला शहरात नेऊन ठेवतात तेव्हा ती डोंगराच्या आठवणीने झुरून आजारी पडते. शेळ्या राखणाऱ्या पोरांची ही गोष्ट जगातल्या किती भाषांत गेली! घाटघर-आहुप्याच्या वाड्यांतली पोरे तेच काम करतात. त्यांची गोष्ट अजून शेजारच्या तालुक्यातही गेलेली नाही.

तुम्ही म्हणाल, मोगलीची गोष्ट लिहिणारा किपलिंग तर इंग्रज होता. खरे आहे. १८९४ सालचे त्याचे 'जंगल बुक' लिहून झाले ते अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या कडाक्याच्या थंडीत. पण त्यानेही रान कुठले तरी म्हणून ठेवले नाही. नागपूरच्या उत्तरेला असलेल्या शिवनी जिल्ह्याचे नाव घेतले, वैनगंगा नदीचे नाव घेतले. दुष्काळ पडून नदी आटते आणि सगळी जनावरे वैर विसरून एका पाण्यावर येतात, असे त्याच्या दुसऱ्या 'जंगल बुक'मध्ये आहे. नदी आटणे म्हणजे काय हे आपल्या आणे पठारावरच्या पोराला शिकवायला नको.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कोकणातला माल या घाटाने वर चढे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, आणि जकातीचे पैसे त्यात टाकत असे लोक सांगतात. अशाच एका सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त लिहून ठेवली आहे. गुणाढ्याने रानात राहून सात लाख श्लोकांचा गोष्टींचा ग्रंथ लिहिला, तोही पैशाची नावाच्या भाषेत, जिला दरबारात किंमत नव्हती. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिला. राजाने तो नाकारला. तेव्हा गुणाढ्य एका टेकडीवर बसला, आग पेटवली, आणि एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. हरणे, डुकरे, पाखरे चरायचे सोडून भोवती उभी राहिली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस कोरडे आहे. आचाऱ्यांनी पारध्यांना विचारले. पारधी म्हणाले, रानातली जनावरे चरतच नाहीत, एका बामणाच्या गोष्टी ऐकत बसली आहेत! राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख वाचले.

ती टेकडी आपल्या घाटातली, असे काही कथा म्हणत नाही. पण दरबारने नाकारलेली भाषा रानाने ऐकली, हे ज्या राजांच्या नावावर सांगितले जाते त्यांचाच लेख आपल्या घाटात आहे. आपल्या पोरांना हे माहीत असावे. नाणेघाटाच्या सहलीला जाऊन भजी खाऊन परत येणाऱ्या मोठ्यांनाही.

आता आपल्याच शिवारातल्या गोष्टींकडे वळू. भीमाशंकरच्या रानात शेकरू आहे. ही मोठी तांबूस खार आपल्या राज्याचा प्राणी आहे. १९८५ साली तिथे अभयारण्य झाले. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस फुटांपर्यंत झेप घेते आणि उंच फांद्यांत काटक्यांची एक नव्हे, तर अनेक घरटी बांधते. म्हणजे शेकराची वाट फांद्यांवरून जाते. मधली चार झाडे तोडली की तिची वाट तुटली. झाली की गोष्ट! तिला पलीकडच्या घरट्यात जायचे आहे, मधे मोकळी जागा पडली आहे, खाली कुत्री आहेत. पुढे काय? हे पोरांनाच विचारा. भर पावसात त्याच रानात कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात फिकट हिरवी उजळते, आणि पावसाच्या तोंडावर झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. परीकथेत घालायला आणखी काय हवे? आहुप्याला देवराई आहे. तिथली काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. का नेत नाही, कोणी नेली तर काय होते, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले की पोर रात्री पांघरूण डोक्यावर ओढून घेते आणि सकाळी पुन्हा तेच सांगा म्हणते.

पण खरी निकड वेगळ्या गोष्टीची आहे, आणि तिच्यासाठीच आज हा विषय घेतला. आपल्या जुन्या गोष्टीत एक सीमा आखलेली असते. रानात वाघ, गावात माणूस. म्हातारी गावाच्या वेशीत आली की सुटली. पूर्वी ते बरोबर होते. मग कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे. कालव्याने पाणी आले, पाण्याने ऊस आला. उसाने घरात पैसा आणला, पोरांची शिक्षणे झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बिबट्याच्या लेखी वर्षभर उभा असलेला ऊस म्हणजे दाट रानच. आत लपायला जागा, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरे. त्याने तिथे बिऱ्हाड केले. मादी उसातच विते, पिल्ले उसातच वाढतात. त्यातल्या कित्येकांनी भीमाशंकरचे रान डोळ्यांनी पाहिलेलेही नाही. जुन्नर-आंबेगावात यात माणसे गेली आहेत आणि त्यांत लेकरेही आहेत. ज्यांच्या घरचे गेले त्यांच्यापुढे बोलायला शब्द नाहीत.

अशा वेळी आपण लेकराला झोपताना गोष्ट सांगतो, की वाघ तिकडे दूर रानात असतो. त्याचा अर्थ लेकरू काय घेणार? अंगणापलीकडचा ऊस म्हणजे रान नव्हे, असाच ना? आहुप्याच्या म्हातारीची लेक आज मंचरच्या बाजूला दिली असेल, तर तिची भीती उलटी झाली आहे. आहुप्याच्या रानात बिबट्या नाही असे नाही, पण तिने जपायचे ते घोडेगाव ओलांडून उसाच्या पाणंदीला लागल्यावर. गोष्ट तशी बदलून सांगायला हवी. तिचा भोपळा एस.टी.च्या थांब्यापासून वस्तीपर्यंत घरंगळू द्या. वाटेत ती काय करते? एकटी जात नाही, दोघी-तिघींना सोबत घेते. मोठ्याने बोलते, गाणे म्हणते, हातात बॅटरी आणि काठी ठेवते. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेला खाली वाकून बसत नाही, कारण वाकलेले किंवा बसलेले माणूस बिबट्याला एखाद्या लहान जनावरासारखे दिसते. लहान नातवाला पुढे-मागे न सोडता मधे घेऊन चालते. हे सगळे नुसत्या सूचना म्हणून सांगितले तर पोर या कानाने ऐकून त्या कानाने सोडील. म्हातारीने केले म्हटले की लक्षात राहील.

यात दोन टोके टाळायला हवीत. एक म्हणजे बिबट्याला राक्षस करायचा. मग पोर दारात उभे राहायलाही भिते. दुसरे म्हणजे शहरातल्या चित्रपुस्तकांसारखा त्याला गोडगोड मित्र करायचा. तेही नको. तो शेजारी आहे, आणि धोक्याचा शेजारी आहे.

त्या शेजाऱ्याचीही गोष्ट सांगता येते. ऊसतोड सुरू होते. टोळी कडेकडेने तोडत आत येते, फड लहान लहान होत जातो, आणि शेवटच्या तुकड्यात पाचटावर मांजराएवढी दोन पिल्ले सापडतात. आरडाओरड होते. फडाच्या कडेला कोपीत राहणारे, शाळा बुडालेले एखादे ऊसतोड्याचे पोर तिथे उभे असते. त्याच्या डोळ्यांनी ही गोष्ट सांगा. वनखात्याची माणसे येतात, पिल्ले धडधाकट आहेत का पाहतात, आणि संध्याकाळी ती खोक्यात घालून जिथे सापडली तिथेच ठेवतात. माणसे लांब जातात. रात्री मादी येते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. सकाळी खोके रिकामे! आपल्या भागात हे अनेक वेळा घडलेले आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, तिथली माणसेही या कामात असतात. ऊसतोड्याच्या पोराला मात्र सकाळी खोके पाहायला मिळतेच असे नाही. तोवर टोळीची गाडी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

आणि 'आजोबा'ची गोष्ट. २००९ साली जुन्नरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरजवळ, एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढले, गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. शांत आणि वयस्क म्हणून त्याचे नाव आजोबा ठेवले. विद्या अत्रेय या अभ्यासक बाई त्याच्यावर लक्ष ठेवून होत्या. आजोबा घाट उतरला आणि चालतच राहिला. कसाऱ्याची रेल्वे, आग्र्याचा हमरस्ता, वसईची खाडी, सगळे ओलांडून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत कोणा माणसावर त्याने हल्ला केला नाही. २०११ च्या शेवटी तो रस्त्यावर गाडीखाली सापडून मेला. २०१४ मध्ये त्याच्यावर 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपट आला. पोरांना नकाशा पुढे घेऊन ही गोष्ट सांगितली तर माळशेजपासून बोरिवलीपर्यंतचा भूगोल फुकटात होतो.

काही जागा दुखऱ्या आहेत. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुका ज्या गावाच्या नावाचा, ते गावच पाण्यात! ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर खचला आणि दीडशे माणसे गाडली गेली. मुलांना हे सांगावे का, असे कोणी विचारतील. माझे मत, सांगावे. पण जवळच्या माणसाने, दिवसाउजेडी, मांडीवर घेऊन. आणि नुसते रडवण्यासाठी नव्हे. उतारावर नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, झाडे एका बाजूला कलली, तर मोठ्यांना धावत येऊन सांगायचे, एवढे त्या गोष्टीतून पोराच्या हाती यायला हवे. डोंगराखाली राहणाऱ्या मुलाला नुसता कवितेतला हिरवा डोंगर देऊन भागत नाही.

हे सगळे लिहायचे कोणी? लेखकांची वाट पाहत बसू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूच्या कोसबाडला, जिथे मुले गुरे चारत होती तिथेच शाळा नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. गुरे चरताहेत, पोरे पाला, दगड, बिया मोजताहेत. गोष्टीही तशाच कुरणावरच जमवायच्या. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. शाळेत येत असेल तर मुलांकडून ते जरूर वाचून घ्या, पण वाचून झाल्यावर त्यांना आपल्या शेताचे नाव विचारा. प्रत्येक शेताला नाव असते. वडाचे, चिंचेचे, खळ्याचे, ओढ्याकाठचे. वड कधीच पडलेला असतो आणि नाव राहिलेले असते. ते का पडले, कोणाला विचारायचे, इथपासून सुरुवात होते.

तेव्हा या वेळी सदराचे काम थोडे तुमच्याकडे सोपवतो. जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, कुठल्याही गावच्या मुलांनी आपल्या एका शेताची, ओढ्याची किंवा टेकडीची गोष्ट अर्धे पान लिहून पाठवावी. वर जागेचे खरे नाव हवे आणि ती कोणी सांगितली त्या आजी-आजोबांचे नाते हवे. अक्षर मुलाचेच असावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मास्तरांनी दुरुस्त करून धाडू नयेत. आणि एक विनंती, सिंह नको.